टाकलेली, परित्यक्ता, 'डेझर्टेड'

आमच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी मुलींना इंग्रजी शिकवते. बहुतेकजणी मराठी माध्यमातल्या. त्यातल्या एकीला वकील व्हायचे आहे आणि त्यासाठी ती 'क्लॅट' या प्रवेश परीक्षेची तयारी करते. परवा सरावाच्या उताऱ्यात तिला 'डेझर्टेड' हा शब्द अडला. तिने अर्थ निवडला 'वाळवंटातली'. उतारा होता नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईच्या पोटगीविषयी. या मुलीची आई ती दोन वर्षांची असताना टाकलेली. मी अर्थ सांगितल्यावर ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे आमची आईच की!" त्या प्रश्नाचा गुण गेला तो गेलाच, वर चुकीच्या उत्तराचा पाव गुणही कापला गेला.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. जे आयुष्य ही मुलगी जगली, त्याबद्दलचाच प्रश्न तिला सोडवता येऊ नये, आणि ज्या मुलाने ते कधी पाहिले नाही त्याला मात्र सहज सुटावा, अशी ही परीक्षा नेमके काय मोजते?

२००८ साली सुरू झालेली क्लॅट इंग्रजीतूनच होत आली आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पदवीचा रस्ता तिच्यातूनच जातो. पूर्वी समानार्थी, विरुद्धार्थी शब्द थेट विचारत. २०२० पासून पद्धत बदलली आणि 'आता पाठांतर नको' असे सगळे म्हणू लागले. प्रत्यक्षात काय झाले? इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क आणि गणित, अशा पाचही विभागांत उतारे आले. दोन तासांत १२० प्रश्न. म्हणजे शब्द अडला की आता एक प्रश्न जात नाही, त्या उताऱ्यावरचे चार-पाच प्रश्न जातात.

मग मुली याद्या पाठ करतात. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी, 'परफंक्टरी' म्हणजे वरवरचे, 'अ‍ॅमेलियोरेट' म्हणजे सुधारणे. पाणी भरताना, भाकऱ्या थापताना, धाकट्या भावाला झोपवताना. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते, तिथल्या मुलांना हे शब्द न मागता मिळतात. आमच्या मुलींना ते झोप मोडून कमवावे लागतात. त्यातून घरी 'बारावी झाली, आता स्थळ बघू' हे चालूच असते. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याची चैन भावाला मिळते, बहिणीला नाही. २०२५ च्या परीक्षेचे शुल्क खुल्या गटाला ४००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना ३५०० रुपये होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला हा आकडा कसा वाटत असेल, हे आपल्याला सांगायला नको.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, इंग्रजीचा एवढा सोस कशाला? मला हे पटत नाही. असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा इंग्रजी शाळेत असतात. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, कारण ज्या भाषेत सत्ता चालते ती भाषा आपल्या लोकांना यावी हे त्यांना कळत होते. घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे काम मुख्यतः इंग्रजीत चालते. पोटगीचा खटला वरपर्यंत गेला तर वकिलीणबाईंना इंग्रजी आलेच पाहिजे.

पण इंग्रजी यावे ही एक गोष्ट झाली, आणि दारातच ते मागावे ही दुसरी. आपल्या बायका जिथे उभ्या राहतात त्या तालुक्याच्या कोर्टात मराठीच कानावर पडते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, साक्ष, उलटतपासणी, सारे मराठीत होऊ शकते. तिथे लागते ती घाबरलेल्या बाईला बोलते करण्याची ताकद. ती मोजणारा एकही प्रश्न या परीक्षेत नाही. वैद्यकीयची 'नीट' मराठीत देता येते. राज्याच्या विधी महाविद्यालयांची सीईटीही मराठीत देता येते. मग क्लॅट का नाही? प्रवेश मराठीतून द्या आणि पहिल्या वर्षी इंग्रजी कसून शिकवा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तेवढा वेळ नक्की आहे.

भाषा आली म्हणजे सगळे मिळते, असेही नाही. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी दिली. त्यांच्या इंग्रजीत कोण खोट काढणार होते? तरी बाई म्हणून वकिलीचे दार बंदच राहिले. १९२३ च्या कायद्याने ते उघडले. दाराला कुलूप कधी बाईपणाचे असते, कधी भाषेचे. ते आपोआप उघडत नाही, उघडायला लावावे लागते.

तोवर परीक्षा द्यायचीच आहे. म्हणून आम्ही याद्या बाजूला ठेवल्या. रद्दीतून इंग्रजी वर्तमानपत्रे आणतो, बायकांविषयीच्या बातम्या आणि निकाल कापून वाचतो. 'मेंटेनन्स', 'कस्टडी', 'क्रुएल्टी' हे शब्द मुलींना एकदाच सांगावे लागले, कारण त्यामागची गोष्ट त्यांना आधीच माहीत होती. शब्दाचे वजन आपल्या चळवळीला ठाऊक आहे. 'टाकलेली' म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईला आपण 'परित्यक्ता' म्हटले आणि तिचा हक्क मागितला. आता तोच शब्द तिच्या मुलीला कोर्टाच्या भाषेत शिकायचा आहे.

मैत्रिणींनो, प्रत्येक गटाने दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. क्लॅट मराठीतूनही व्हावी असा ठराव करून तो विधी विद्यापीठांच्या कुलगुरूंना पाठवावा. आणि आपल्यातल्या ज्यांना इंग्रजी येते त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ या मुलींना द्यावी. आमच्या त्या मुलीची परीक्षा डिसेंबरात आहे. तिला गुरुवारी शिकवायला अजून कोणी मिळालेले नाही.