बाळंतिणीची शस्त्रक्रिया आणि तिची संमती

आंध्र प्रदेश विधिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, दोनांहून अधिक अपत्ये असलेल्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीस अपात्र ठरविणारी तरतूद रद्द केली. लोकांनी अधिक मुले होऊ द्यावीत, असे आवाहन मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी त्यापूर्वीच केले होते. परंतु ज्या राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के स्त्रियांची संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया होऊन गेलेली आहे, तेथे या आवाहनाला प्रतिसाद द्यावा तो कोणी? नलिका पुन्हा जोडता येतात, हे खरे. पण यशाची हमी कोणी देत नाही.

सत्तर टक्क्यांचा हा आकडा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे ४९ टक्के, उत्तर प्रदेशाचे १७ आणि आसामचे अवघे ९ टक्के आढळले. दक्षिण सुशिक्षित, उत्तर मागासलेली, असे याचे स्पष्टीकरण आपण सर्रास देतो. ते सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. पश्चिम बंगालमध्ये शस्त्रक्रियेचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत असूनही तेथील जननदर १.६ आहे, आणि आंध्राचा १.७. म्हणजे कुटुंब लहान ठेवण्यासाठी शस्त्रक्रिया हाच एक मार्ग आहे, असे नव्हे. बंगाल-आसामच्या स्त्रिया गोळ्यांचा आधार मोठ्या प्रमाणावर घेतात.

खरा भेद बाळंतपणाच्या खोलीत आहे. लहान छेदाची शस्त्रक्रिया प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत करता येते. सिझेरियन झाले तर त्याच वेळी उरकता येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र निदान सहा आठवडे थांबावे लागते. दक्षिणेत रुग्णालयातील प्रसूती फार आधी रूढ झाली, त्यामुळे दुसऱ्या बाळंतपणाबरोबरच शस्त्रक्रिया करून घरी परतणे ही तेथील रीतच होऊन बसली. उत्तरेत रुग्णालयातील प्रसूती वाढली ती मुख्यतः २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर. जेथे प्रसूती होते तेथे परिचारिका असते, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बहुधा नसतो. बाळंतीण घरी जाते आणि मग वाट पाहते हिवाळ्यातल्या शिबिराची. या शिबिरांचे भीषण रूप नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात दिसले. एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. जिल्ह्यातील त्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला.

तेव्हा दक्षिणेची पद्धत अधिक सुरक्षित, यात शंका नाही. ती अधिक स्वतंत्र आहे काय, हा प्रश्न निराळा. पंचविशी गाठण्यापूर्वीच शस्त्रक्रिया झालेल्या आंध्रातील असंख्य स्त्रियांनी तत्पूर्वी गोळी किंवा तांबी कधी वापरलेलीच नव्हती. (पुरुषांविषयी न बोललेलेच बरे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. त्या सक्तीच्या आठवणीने सरकारे अशी धास्तावली की सारा भार स्त्रियांवर टाकून मोकळी झाली. आज पुरुष नसबंदीचे प्रमाण देशात अर्धा टक्काही नाही.)

वेणा सुरू असताना किंवा गुंगीत असताना संमती घेऊ नये, असा सरकारी दंडक आहेच. म्हणजे ती गरोदरपणीच्या तपासणीत, पुरेशा सवडीने घेतली गेली पाहिजे, आणि त्याच वेळी तांबी, गोळी व पतीची नसबंदी हे पर्यायही तिच्यापुढे मांडले गेले पाहिजेत. महाराष्ट्रात गरोदर स्त्री उपकेंद्रात वजन आणि रक्तदाब मोजून घेण्यासाठी जाते. तेथील परिचारिकेकडे या बोलण्यासाठी दहा मिनिटे असतात काय, आणि सासू बाहेर बसलेली असताना ते बोलणे होते काय, हे आरोग्य खात्याने एकदा तपासून पाहावे.