बौद्ध वारशाची तिकिटं निघतात, पण गावच्या पोस्टात पोहोचतात का?

कन्नड : बौद्ध वारसास्थळावर टपाल तिकीट निघालं की मोठ्या शहरात कार्यक्रम होतो, मोबाइलवर फोटो फिरतात, दोन दिवस स्टेटस लागतात. तिसऱ्या दिवशी तेच तिकीट गावच्या शाखा डाकघरात मागून बघा. बहुतेक वेळा मिळत नाही. यात पोस्टमास्तरांचा दोष नाही, त्यांच्याकडं ते आलेलंच नसतं.

तिकिटं दोन प्रकारची असतात. एक रोजच्या वापराची, ती संपली की पुन्हा छापतात. दुसरी विशेष तिकिटं. ती ठरावीक संख्येत एकदाच छापली जातात आणि मुख्यतः मोठ्या डाकघरांत, तिकीट जमवणाऱ्यांसाठीच्या खिडकीवर विकली जातात. फरक छोटा वाटतो, पण सगळा खेळ तिथंच आहे.

१५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारतानं पुरातन वास्तू आणि शिल्पांची मालिका काढली. त्यात ३ पैच्या तिकिटावर अजिंठा होता, ३ आण्याच्या तिकिटावर सांचीचं तोरण आणि साडेतीन आण्याच्या तिकिटावर बोधगयेचं मंदिर. ही रोजच्या वापराची तिकिटं होती. म्हणजे सालगड्याच्या घरी आलेल्या पत्रावरसुद्धा अजिंठा येऊ शकत होता. लेणी कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात लेणी जात होती.

त्यानंतर वाट बदलली. १९५६ ला बुद्ध जयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त दोन तिकिटं आली. २००२ च्या बौद्ध महोत्सवात बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि राजगीरचा गृध्रकूट असा चार तिकिटांचा संच निघाला. २००८ ला चीनसोबत संयुक्त तिकिटं काढली, त्यात आपल्याकडून महाबोधी मंदिर आणि त्यांच्याकडून लोयांगचं श्वेताश्व मंदिर. २०१८ ला व्हिएतनामसोबतच्या तिकिटांत सांचीचा स्तूप होता. यादी नीट वाचली तर कळतं की निवड पर्यटन आणि परराष्ट्र संबंध बघून होते. त्यात वाईट काही नाही, पण अशा निवडीत आडबाजूचं लेणं बसत नाही. १४ एप्रिल २०१७ ला नागपुरात प्रकाशित झालेलं दीक्षाभूमीचं तिकीट तेवढं वेगळं. ती जागा उत्खननातून नाही, माणसांच्या गर्दीतून मोठी झाली.

आणि चित्र छापलं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. बोधगयेचं मंदिर तिकिटावर आलं त्याच १९४९ साली बिहारचा बोधगया मंदिर कायदा झाला. त्या कायद्यानं व्यवस्थापन समितीत हिंदू आणि बौद्ध सदस्य निम्मे-निम्मे ठेवले. व्यवस्थापन पूर्ण बौद्धांकडं द्या म्हणून २०२५ मध्ये भिक्खू उपोषणाला बसले, महाराष्ट्रातही मोर्चे निघाले. तिकिटं निघत राहिली, वादही तसाच राहिला.

आता आपल्या तालुक्याकडं या. गौताळ्याच्या डोंगरातलं पितळखोरा हे लेणं इसवीसनाच्या आधीचं, देशातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी एक. तिथल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास, धंद्यानं सोनार. खांबावरच्या लेखात पैठणच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्याचं दान नोंदलंय. कारागीर आणि व्यापारी यांच्या पैशातून आणि हातातून झालेलं हे काम. दगड ठिसूळ, बराचसा भाग ढासळलाय. वरच्या यादीत त्याचं नाव नाही.

ग्रामसभेत 'आमच्या लेण्याचं तिकीट काढा' असा ठराव घेणं सोपं आहे. पण तो विषय दिल्लीत जातो, आणि तिकीट निघालं तरी ते लागणार कशावर? २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. खिडकीवर बारकोडची चिठ्ठी चिकटते, तिकिटाची गरजच पडत नाही. पत्र तर कुणी लिहीत पण नाही.

त्यापेक्षा दोन गोष्टी मागण्यासारख्या आहेत. एक, विशेष पाकीट. ते राज्याच्या टपाल परिमंडळाच्या पातळीवर निघतं. दुसरी, कायमचा सचित्र शिक्का. हा शिक्का एका ठरलेल्या डाकघरात राहतो आणि तिथं टाकलेल्या टपालावर त्या स्थळाचं चित्र उमटतं. तिकीट संपतं, शिक्का राहतो. शाळेची सहल आली की पोरांनी पोस्टकार्ड घ्यावं, शिक्का मारून घ्यावा आणि घरच्या पत्त्यावर टाकावं, एवढं साधं आहे. ग्रामपंचायत, शाळा आणि बौद्ध उपासक मंडळांनी मिळून विभागाच्या डाक अधीक्षकांकडं अर्ज द्यावा. सोबत लेण्याचा स्वच्छ फोटो आणि अर्ध्या पानाची माहिती जोडावी, आणि त्या माहितीत कान्हदास सोनाराचं नाव विसरू नये.