जुनी तार टाकून देण्यापूर्वी

बऱ्याच घरांतून आणि शाळांतून तारेचा टेलिफोन गेला. भिंतीवरची तार मात्र राहिली. रंगकाम निघाले की ती उपटली जाते. अडगळीतला जुना संगणकही तिच्याबरोबर भंगारात जातो. माझे म्हणणे एवढेच, की एखादी वस्तू निकामी ठरवण्यापूर्वी तिची क्षमता मोजून पाहावी.

टेलिफोनच्या तारेतून माहिती फार सावकाश जाते, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचे कारण जुना मोडेम. बोलण्यासाठी राखलेल्या सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यात त्याला काम करावे लागे. ही मर्यादा टेलिफोन यंत्रणेची होती. घरातल्या घरात, थोड्या अंतरावर, तीच तांब्याची तार याहून कितीतरी अधिक वारंवारतेचे संदेश वाहून नेते.

अमेरिकेत याचा चांगला उपयोग झाला. १९८५ च्या सुमारास अ‍ॅपल कंपनीचे मॅकिंटॉश संगणक एकमेकांना जोडण्यासाठी खास केबल लागे. वेग होता सेकंदाला २,३०,४०० बिट. फॅरलॉन कंपनीच्या 'फोननेट'ने तेच काम साध्या टेलिफोनच्या तारेवर करून दाखवले. तेथील केबलमध्ये सहसा चार तारा असत आणि टेलिफोनला दोनच पुरत. उरलेल्या दोन संगणकांच्या कामी आल्या. पुढे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'होमपीएनए' या कंपन्यांच्या संघाने टेलिफोनचीच जोडी वापरली. आवाज खालच्या पट्ट्यात आणि संगणकाचे संदेश सुमारे ४० लाख ते १ कोटी हर्ट्झच्या पट्ट्यात, त्यामुळे बोलणे चालू असतानाही काम अडत नसे. रेडिओची अनेक केंद्रे एकाच वेळी चालतात, तसाच हा प्रकार. सुरुवातीचा वेग होता सेकंदाला १० लाख बिट.

आजच्या चलचित्रांना हे वेग अपुरे पडतील, हे खरे. पण २,००० चिन्हांचे मराठी पान घ्या. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट, म्हणजे २४ बिट लागतात. एकूण झाले ४८,००० बिट. फोननेटच्या वेगाने त्यांना सुमारे पाव सेकंद पुरे.

आपल्या शाळांत संगणकांच्या जाळ्याचा धडा बहुधा व्याख्या पाठ करून संपतो. त्याऐवजी शिक्षकांनी सिरियल जोडणी असलेले दोन जुने संगणक आणि टेलिफोनच्या तारेचा काही मीटरचा सुटा तुकडा घ्यावा. एकाचे 'पाठवणे' दुसऱ्याच्या 'घेणे'शी, तसेच उलट, आणि तिसरी तार दोघांना समाईक. वेग ९,६०० बिट ठेवा. प्रत्येक बाइटच्या मागेपुढे एकेक बिट जोडला जातो, म्हणून वरील पानाला ६०,००० बिट, अर्थात सव्वासहा सेकंद लागावेत. घड्याळ लावून पाहा. नंतर वेग ३०० करा. तेच पान २०० सेकंद घेईल. बिट म्हणजे काय, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

एक पथ्य मात्र पाळा. चालू टेलिफोनच्या लाइनला हात लावू नका. तिच्यावर सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून बरेच अधिक.

प्रयोग झाल्यावर तार भंगारात द्यायची की नाही, ते खुशाल ठरवा. तोपर्यंत तिने आपले काम केलेले असेल.