घाम एकाचा, देयक दुसऱ्याचे

सांगली जिल्ह्यातील एका तरुण कंत्राटदाराने जुलै 2025 मध्ये जीवनयात्रा संपविली. जलजीवन मिशनच्या कामाचे सुमारे 1 कोटी 40 लाख रुपये थकल्याचे तेव्हा सांगण्यात आले. शासनाचे उत्तर आले : त्याच्या नावावर कंत्राटच नाही, तो पोटकंत्राटदार असावा! एका वाक्यात शासन मोकळे झाले.

कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे आणि म्हणूनच ते भयंकर आहे. करार बांधतो तो करार करणाऱ्यांनाच. मंजुरीवाचून काम दुसऱ्यास देऊ नये, अशी अट निविदेत असते. मग गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडसारख्या आडगावी पाण्याची टाकी उभी राहते, तेव्हा तिथे मजूर कोणाचे, सिमेंट कोणाच्या उधारीवर आले, हे अभियंत्याला दिसत नाही काय? मोजमाप पुस्तिकेत काम चढविताना डोळे उघडे आणि देणे द्यायची वेळ आली की मिटलेले, हा कोणता न्याय?

मुख्य कंत्राटदाराचे उत्तरही ठरलेले : 'वरून आले की देतो.' या चार शब्दांनी शासनाच्या दिरंगाईचा सारा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर येतो. मजुरी मात्र आठवड्याच्या आठवड्याला द्यावीच लागते. ब्रिटनने 1996 च्या कायद्याने बांधकाम करारांतील अशी अट सर्वसाधारणपणे निष्प्रभ ठरविली. सिंगापूरने 2004 मध्ये तेच केले. आपल्याकडे लघुउद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. त्यात 45 दिवसांची कमाल मुदत आहे, बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण बांधकामाची कंत्राटे त्यात बसत नाहीत, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. ज्याला छत्र हवे, नेमका तोच उन्हात!

याच झाडीपट्टीत कोहळी समाजाने तलाव बांधले. नवेगावबांधचा जलाशय त्याची साक्ष देतो. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन मिळे, असे परंपरा सांगते. ज्याने बांधले त्याला फळ, हा व्यवहार त्या काळाला कळत होता. संगणकीय निविदांच्या काळाला तो कळू नये?

'असे काम घेतोच कशाला?' असा प्रश्न सुखवस्तू मंडळी विचारतात. मोठ्या निविदेसाठी लागणारी उलाढाल आणि अनामत नव्या उद्योजकाकडे नसते; पोटकंत्राट हेच त्याचे प्रवेशद्वार असते. ते बंद करणे हा उपाय नव्हे, त्यावर कायद्याचा दिवा लावणे हा उपाय आहे. पोटकंत्राटदाराची नोंद सक्तीची करावी, त्याचा हिस्सा थेट त्याच्या खात्यात जमा करावा आणि 'वरून आले की' ही अट अवैध ठरवावी.

तोवर तरुणांनीही भिडेला मूठमाती द्यावी. दर, टप्पे आणि देयकाची तारीख मुद्रांकावर लिहून घ्यावी; प्रत्येक मोजमापावर सही घ्यावी; घर गहाण टाकून सरकारी काम ओढू नये. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. आश्वासनांच्या प्रतीक्षेत ती उलटून जाते. शब्दावर विश्वास हे संस्कृतीचे भूषण खरेच; पण न्यायालयात पुरावा लागतो तो कागदाचा.