वारसा दगडांचा आणि हातांचा

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच रुग्णसेवा करीत निवर्तले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातील कार्यकर्त्याला चीन कधी परका वाटला नाही. त्या देशाच्या क्रांतीवर आपण पुष्कळ वाद घातले. परंतु क्रांतीनंतर तेथील जुन्या वारशाचे काय झाले, हे क्वचितच पाहिले. तो प्रश्न बार्शीचाही आहे.

राजधानीचे नवे सरकारी केंद्र पेकिंगच्या जुन्या शहराबाहेर, पश्चिमेस बांधावे आणि जुने शहर राखावे, अशी योजना वास्तुशास्त्रज्ञ लिआंग सचेंग यांनी एका सहकाऱ्यासह १९५० साली मांडली. ती नाकारली गेली. पुढे मिंग काळातील तटबंदी बहुतांशी पाडण्यात आली. १९६६ पासून तर 'चार जुन्या गोष्टीं'विरुद्ध मोहीमच निघाली आणि मंदिरे, मूर्ती, ग्रंथ यांचा विध्वंस झाला. हे सारे सरंजामी म्हणून मोडले. पण ते घडविले होते कोणी? गवंड्यांनी, सुतारांनी, कुंभारांनी. सरंजामदार केव्हाच गेले होते. नष्ट झाले ते कष्टकऱ्यांचे कर्तृत्व.

१९८२ साली चीनने पुरातन वस्तू व वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला. २००९ साली रेशमाचे किडे पोसण्यापासून वस्त्र विणण्यापर्यंतचे चिनी कसब युनेस्कोच्या यादीत आले. यादीत आले ते कापड नव्हे, कसब, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. मालाच्या नावाला संरक्षण लाभले, हे चांगलेच झाले. परंतु विणकराच्या मजुरीचा प्रश्न त्या मानांकनाने सुटत नाही.

आता बार्शीकडे पाहू. भगवंताच्या मंदिराइतकीच बार्शी लाइट रेल्वेही या गावाची ओळख होती. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ साली बार्शीला आली. १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. आज त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. जुन्या गाडीचे कौतुक निघाले की कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचे नाव निघते. तिच्या कामगारांचे काय?

१ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा कंपनीने कामगारांची सेवा संपुष्टात आणली. बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. पण कंपनीकडील नुकसानभरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मालकाने धंदाच सोडला तर ती कायद्यातील 'कामगारकपात' ठरत नाही, असा निर्णय २७ नोव्हेंबर १९५६ रोजी झाला आणि कामगार हरले. मात्र दुसऱ्याच वर्षी संसदेला औद्योगिक विवाद कायदा दुरुस्त करावा लागला. धंदा बंद पडल्यास वा हस्तांतरित झाल्यास कामगाराला भरपाई देण्याची तरतूद तेव्हा झाली. देशभरच्या कामगारांच्या या हक्कामागे बार्शी लाइटच्या कामगारांचा पराभव उभा आहे.

जुन्या रेल्वेच्या इमारती व अवजारे यांची जपणूक व्हावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण सरकारची वाट न पाहता करण्याजोगे एक काम कार्यकर्त्यांच्या हाती आहे. बार्शी आणि कुर्डुवाडी येथील रेल्वे कामगारांच्या, गिरणी कामगारांच्या कुटुंबांत जी कागदपत्रे, छायाचित्रे आणि आठवणी उरल्या असतील, त्या गोळा कराव्यात. दगड आणखी काही वर्षे टिकतील. माणसांच्या आठवणींना तेवढी सवड नाही.