परीक्षा: परीक्षार्थ्याच्या दृष्टीनें

विद्यापीठाच्या परीक्षांविषयीं आपल्याकडे चर्चा थोडी झालेली नाहीं. १९०२ सालच्या विद्यापीठ आयोगानें स्पष्ट नमूद केलें कीं, येथें परीक्षा अध्यापनाच्या मागून न चालतां अध्यापनच परीक्षेच्या मागून चालत आहे, व हाच सर्वांत मोठा दोष होय. पुढें डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें १९४९ सालीं सांगितलें कीं, उच्च शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांची सुचवावी. परंतु ह्या चर्चेंत बोलणारे बहुधा परीक्षक असतात. ज्याची परीक्षा होते त्यास ती कशी दिसते, हें विचारणारे विरळा. आमच्या मतें तोच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. कारण विद्यार्थी शिकतो तें परीक्षा कशी आहे ह्यावरून नव्हे, तर ती कशी आहे असें त्यास वाटतें ह्यावरून.

स्वीडन देशांतील गोथेनबर्ग येथील मार्टन व सॅल्यो ह्या अभ्यासकांनीं १९७६ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनीं विद्यार्थ्यांस उतारे वाचावयास दिले. कांहीं जण लेखकाचा आशय शोधीत होते, तर कांहीं जण पुढें सांगतां यावें म्हणून केवळ शब्द ध्यानांत ठेवीत होते. कोणत्या प्रकारचे प्रश्न येतील अशी विद्यार्थ्याची अपेक्षा असते, तिजप्रमाणें त्याची वाचनाची रीत बदलते, असेंही त्यांस आढळलें.

आपल्याकडील चित्र ह्याहून निराळें नाहीं. वर्गांत एखादा विषय रंगांत आला असतां "हें परीक्षेस येणार काय?" असा प्रश्न येतो, आणि शिक्षकास राग येतो. परंतु विद्यार्थी येथें आळस करीत नसून हिशेब करीत असतो. मागील प्रश्नपत्रिका त्यानें चाळलेल्या असतात. तेच प्रश्न शब्द फिरवून पुनः येतात, गाइडांतील उत्तर पाठ केल्यास गुण मिळतात, आणि स्वतःच्या बुद्धीनें लिहिलेल्या उत्तराची मात्र शाश्वती नाहीं, हें तो अनुभवानें शिकलेला असतो. अंतर्गत गुणांची योजना एकाच तीन तासांच्या कसोटीचा जाच कमी व्हावा म्हणून केलेली; परंतु दुसऱ्याचा प्रकल्प उतरवून आणणारास व रात्र जागून स्वतः करणारास सारखेच गुण पडले, कीं तीही विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें निव्वळ उपचार ठरते.

म्हणून परीक्षाच नको, असें म्हणणारांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. उत्तरपत्रिकेवर नांव नसतें, बैठक क्रमांक असतो. खेड्यांतील मजुराची मुलगी आणि शहरांतील वकिलाचा मुलगा ह्यांच्या उत्तरपत्रिका एकाच गठ्ठ्यांत जातात. गरिबाच्या मुलास हा केवढा आधार आहे, हें ज्यांस ओळखीपाळखीची वाट मोकळी आहे त्यांस कळणें कठीण. ह्या विश्वासास तडा जातो तो कमी गुण मिळाल्यामुळें तितका नव्हे, जितका ते कां मिळाले हें न कळल्यामुळें. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्यास आरंभ केला, तेव्हां निकाल कित्येक आठवडे लांबले. पुढील प्रवेशासाठीं ताटकळलेल्या विद्यार्थ्यांस त्या काळांत काय वाटलें असेल, त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेंत नाहीं.

तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखालीं परीक्षार्थ्यास पाहतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला. परंतु अर्ज करून मिळवावयाचा हक्क निराळा, आणि शिक्षकानें समजावून परत दिलेली वही निराळी. गुण कशास मिळतील हें आधीं सांगावें. कोठें व कां चुकलें हें नंतर दाखवावें. आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेंत निदान एक प्रश्न असा असावा कीं, ज्याचें उत्तर कोणत्याही गाइडांत सांपडणार नाहीं. एवढें झालें तरी विद्यार्थ्याचा हिशेब बदलेल.

ह्याचा आरंभ विद्यापीठांत होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पाठांतराची संवय घेऊन मुलें कॉलेजांत जातात, ती बहुतांशीं आम्हां शाळाशिक्षकांच्याच हातून लागते. आणि विद्यार्थिमित्रांनो, वही परत मिळतांच केवळ गुण पाहून ती मिटूं नका. "हे गुण कां?" असें नम्रपणें, परंतु न भितां विचारा. त्या प्रश्नाचें उत्तर देणें हें शिक्षकाचें कामच आहे.