ऑडिशन त्यांचीही घ्या!

नोव्हेंबर उजाडला, की अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेच्या जिममध्ये शनिवारी सकाळी पोरा-पोरींची रांग लागते. कुणाच्या हातात ट्रम्पेट, कुणाच्या खांद्यावर ट्यूबा. पायांत धावायचे बूट, पाठीवर झोपायची पिशवी आणि पाण्याची भलीमोठी बाटली. वय सोळा ते एकवीस, म्हणजे तुमच्या-आमच्याच वर्गातलं. दोन-तीन दिवस ही मंडळी वाजवणार, चालणार, धावणार, तिथेच जमिनीवर झोपणार आणि मग धडधडत्या छातीने निकालाची वाट बघणार. हे आहे ड्रम कोअरच्या ब्रास सेक्शनचं ऑडिशन.

ड्रम कोअर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. मैदानावर कवायत करत पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवणारं तरुणांचं पथक, सोबत झेंडे आणि रायफली फिरवणारा कलर गार्ड. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना हॉर्नलाइनमध्ये जागा नाही. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ म्हणजे डीसीआय ही त्यांची शिखर संस्था, पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ ची. वरच्या गटातल्या एका पथकात जास्तीत जास्त १६५ जण असतात आणि त्यातले साधारण सत्तर-ऐंशी ब्रासचे. बावीसाव्या वर्षाच्या आसपास वयोमर्यादा संपते. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य इथे फार काळ चालत नाही.

सध्या या जगाकडे बघण्यासारखं बरंच काही घडतंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बोस्टन क्रुसेडर्सने पहिल्यांदाच अजिंक्यपद जिंकलं. हे पथक १९४० मधलं, म्हणजे ही पंचाऐंशी वर्षांची वाट होती! हा झाला जल्लोषाचा भाग. पण त्याच्या दीडच वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्ये, दहा अजिंक्यपदं नावावर असलेलं ‘द कॅडेट्स’ हे १९३४ पासूनचं पथक कायमचं बंद झालं. तेही ऐन ऑडिशनच्या मोसमात. ज्यांनी महिनोन् महिने तयारी करून त्या पथकाचं स्वप्न पाहिलं होतं, त्यांना अचानक दुसरं दार शोधावं लागलं.

म्हणून यंदा ऑडिशनच्या तयारीबद्दल बोलायचं, तर नुसतं ‘कसं वाजवावं’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. ‘कुणासाठी वाजवावं’ हाही तयारीचाच भाग झालाय.

फुप्फुसं, ओठ आणि पाय

आधी वाजवण्याबद्दल. पथकं ऑडिशनसाठी एक ‘पॅकेट’ देतात. त्यात श्वासाचे व्यायाम, लांब स्वर, स्केल आणि एक-दोन तुकडे असतात. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण एक चूक हमखास करतात. सगळा वेळ अवघड, वेगवान तुकड्यावर घालवतात. शिक्षक मात्र कान लावून बसलेले असतात ते साध्या लांब स्वराकडे. आपल्याकडे गाणाऱ्यांना खर्जाचा रियाज सांगतात ना, तसंच हे. एक स्वर घ्यायचा, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत न हलवता धरायचा, आणि तोही शेजारच्याच्या स्वरात मिसळेल असा. सत्तर जणांचा आवाज एका वाद्यासारखा यायला हवा असतो. तिथे एकट्याने चमकणारा ट्रम्पेटवाला उपयोगापेक्षा डोकेदुखीच जास्त.

दुसरा मुद्दा ओठांचा. ब्रासमध्ये आवाज निघतो तो ओठांच्या कंपनातून. दमल्यावर माउथपीस ओठांवर दाबून उंच स्वर काढायचा मोह होतो आणि तिथेच घात होतो. जेवढा वेळ वाजवाल जवळपास तेवढीच विश्रांती घ्या, हा जुना नियम म्हणूनच आहे. आठवडाभर आधी सहा-सहा तास वाजवून गेलात, तर शनिवारी सकाळी ओठ संपावर.

तिसरा मुद्दा पाय. ड्रम कोअरमध्ये खुर्ची नसते. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. हे माप पायात इतकं मुरायला हवं की डोक्याला त्याचा विचारच करावा लागू नये. मागे चालताना टाच वर, भार चवड्यांवर, कंबरेच्या वर मात्र सगळं स्थिर. ट्यूबा दहा-पंधरा किलोच्या घरात जाते आणि ती खांद्यावर घेऊन हे करायचं असतं. त्यामुळे मेट्रोनोम लावून, जागच्या जागी पावलं टाकत स्केल वाजवणं हा घरच्या घरी होणारा सगळ्यात उपयोगी सराव. सोबत धावणं, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम. आणि हो, कानात प्लग! ऐंशी पितळी वाद्यांच्या मधोमध उभं राहणाऱ्याने कानांशी खेळू नये.

आणखी एक गोष्ट पॅकेटात लिहिलेली नसते. शिक्षक मुद्दाम एखादी सुधारणा सांगतात आणि पुढच्या फेरीत ती झाली का ते बघतात. चूक झाली म्हणून लगेच कुणी बाद होत नाही. तीच चूक तिसऱ्यांदा केली तर मात्र नाव खाली सरकतं. पुण्यात गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हात चांगला असूनही ‘ऐकत नाही’ म्हणून मागच्या रांगेत गेलेला एक तरी मित्र प्रत्येकाला आठवेल.

निवड झाली, आता पैसे भरा

इथपर्यंतची गोष्ट मेहनतीची. पुढची पैशांची. निवड झालेल्या मुलांना मानधन मिळत नाही, उलट त्यांनाच शुल्क भरावं लागतं. वरच्या गटातल्या पथकांचं मोसमाचं शुल्क आज पाच हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर आहे, म्हणजे चार लाख रुपयांहून जास्त. हिवाळ्यातल्या शिबिरांना जायचा विमानखर्च वेगळा. शिवाय मेपासून ऑगस्टपर्यंतची अख्खी सुट्टी सराव आणि दौऱ्यात जाते. दिवसाला दहा-बारा तास सराव, रात्री बसमध्ये किंवा शाळेच्या जिममध्ये झोप. अमेरिकेत याच सुट्टीत नोकरी करून कॉलेजची फी जमवणारी मुलं असंख्य. त्यांच्यासाठी खर्च दुहेरी: शुल्क गेलं ते गेलंच, कमाईही बुडाली.

हे नेहमीच असं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटना आणि मोहल्ल्यातली चर्च अशी पथकं चालवायची. गल्लीतल्या पोरांना काहीतरी चांगलं करायला मिळावं, एवढाच हेतू. जवळच्या गावांत स्पर्धा, साधी बिगुलं. पुढे डीसीआय आलं, दौरे देशभर होऊ लागले, दर्जा वाढला. २००० पासून ‘जी’ पट्टीच्या बिगुलांची सक्ती गेली, २००४ पासून माइक-स्पीकर आले, नंतर इलेक्ट्रॉनिक वाद्यंही आली. कार्यक्रम थक्क करणारे झाले यात शंकाच नाही. पण ट्रक, बस, इंधन, डिझायनर, विमा यांचा खर्चही त्याच वेगाने चढला. एके काळी शेकड्यांनी असलेली पथकं आता काही डझनांवर आली आहेत.

मोठं नाव म्हणजे भक्कम तिजोरी, असंही राहिलेलं नाही. २०१८ चं विजेतं पथक सांता क्लारा व्हॅनगार्ड आर्थिक कारणांमुळे २०२३ च्या मोसमात मैदानात उतरलंच नाही, २०२४ मध्ये परतलं. कॅडेट्सची गोष्ट तर आणखी गंभीर. २०१८ मध्ये अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केल्यावर तिथल्या अनेक वर्षांच्या संचालकाला पद सोडावं लागलं. पुढे १९८० च्या दशकातल्या अत्याचाराबद्दलचा दावा कोर्टात उभा राहिला आणि त्या कोर्टकचेरीचा भार सोसणं शक्य नाही, अशा टप्प्यावर पथकाने काम थांबवलं. ज्या मुलांचा त्या जुन्या प्रकरणांशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचाही मोसम त्यात गेला.

यात एक अडचणीचा प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. एवढं जुनं, एवढं लाडकं पथक बंद पडायला नको होतं, असं म्हणणारे खूप आहेत. पण पीडितांनी गप्प बसावं म्हणजे परंपरा टिकेल, असा त्याचा अर्थ होत असेल तर ती परंपरा कशाच्या जोरावर उभी होती? दोष तक्रार करणाऱ्यांचा नाही, तेव्हा ज्यांनी लक्ष दिलं नाही त्यांचा आहे. त्या दुर्लक्षाची किंमत चाळीस वर्षांनी आलेल्या मुलांनी मोजली, एवढंच.

आता प्रश्न तुमचे

म्हणूनच ऑडिशन एकतर्फी राहून चालत नाही. पथक तुमचा सूर, पाऊल आणि स्वभाव तपासतं. तुम्हीही पथकाला तपासायला हवं. शुल्क किती आणि त्यात नेमकं काय येतं? मधेच दुखापत झाली किंवा पथकाने मोसम रद्द केला, तर पैसे परत मिळतात का? शिष्यवृत्ती आहे का? दौऱ्यावर डॉक्टर किंवा प्रशिक्षित माणूस सोबत असतो का? शिक्षकांची पार्श्वभूमी तपासली जाते का? काही वाईट घडलं, तर तक्रार पथकाबाहेरच्या कुणाकडे करता येते का?

हे विचारलं तर ‘नखरे करतोय’ असं वाटेल, ही भीती खरी आहे. निवड व्हावी म्हणून जीव टांगणीला लागलेला असताना प्रश्न विचारायला धीर लागतो. पण नीट चालणाऱ्या पथकाकडे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. जिथे या प्रश्नांनी समोरच्याचा चेहरा बदलतो, तिथेच तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

आणि निवड नाही झाली तर? बरेच जण पहिल्या खेपेला राहतात, खालच्या गटातल्या पथकात एक मोसम काढतात आणि पुन्हा येतात. लांब स्वराचा रियाज कुठे वाया जात नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण त्या जिममध्ये कधी उभे राहतील. पण निवडीच्या रांगेत आपण सगळेच असतो: एकांकिकेच्या, पथकाच्या, इंटर्नशिपच्या. ‘घेतलं तरी खूप झालं’ म्हणत आपण मान खाली घालून सही करतो. पुढच्या वेळी सही करायच्या आधी निदान एक प्रश्न विचारा. तोही तयारीचाच भाग आहे.